गोचिडीच्या पोटात काम करणारी लस

मंडळी, येऊरला सकाळी फिरायला जाणारे, घरी कुत्रा पाळणारे आणि मुरबाड-शहापूरकडे ज्यांच्या नातेवाइकांची गुरं आहेत असे लोक ठाण्यात भरपूर. त्यामुळे गोचीड कशी दिसते हे इथे सांगायला नको. तिच्यातून येणाऱ्या जिवाणूंवर लस करणं इतकं अवघड का, यावर बोलूया.

सुरुवात गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजारापासून. तो मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपातला, पण लशीचं सगळ्यात जास्त काम त्याच्यावरच झालंय. त्याचा जिवाणू बोरेलिया. उपाशी गोचिडीच्या आतड्यात तो ‘ओएसपी-ए’ नावाचं प्रथिन अंगावर घेऊन चिकटून बसतो. गोचीड रक्त पिऊ लागली, ऊब मिळाली, की तो हे प्रथिन बनवणं कमी करतो, ‘ओएसपी-सी’ बनवू लागतो आणि लाळग्रंथींकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा ३६ ते ४८ तास लागतात, आणि लस याच वेळेचा फायदा घेते. लस घेतलेल्या माणसाचं रक्त पिताना त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिनं, गोचिडीच्या पोटात जातात आणि जिवाणू तिथेच मरतो. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते.

पण तिची किंमत आहे. जिवाणू माणसात शिरतच नाही, त्यामुळे शरीराची रोगस्मृती जागी व्हायला वावच मिळत नाही. चावा बसतो त्या क्षणी रक्तात प्रतिपिंडं भरपूर असावीच लागतात. ती ओसरली की संरक्षणही गेलं. म्हणून बूस्टर टळत नाही.

अमेरिकेत डिसेंबर १९९८मध्ये परवाना मिळालेली ‘लायमेरिक्स’ याच तत्त्वावर होती. एका डोसात ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, डोस ०, १ आणि १२ महिन्यांनी. दोन डोसांनंतर पहिल्या वर्षी परिणामकारकता ४९ टक्के, तिसऱ्यानंतर ७६ टक्के. ओएसपी-एचा एक तुकडा माणसाच्या एका प्रथिनासारखा दिसतो, त्यामुळे सांधे धरतील अशी भीती पसरली. तपासणीत तसा संबंध सिद्ध झाला नाही, पण मागणी कोसळली आणि २००२मध्ये उत्पादकांनी लस मागे घेतली. वाद शास्त्राने मिटला तरी विश्वास परत येत नाही, हे लस बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. पुढच्या ‘व्हीएलए१५’ या लशीत तो वादग्रस्त तुकडा बदललाय आणि ओएसपी-एचे सहा प्रकार घेतलेत, कारण युरोपातल्या बोरेलियांवर एक प्रकार पुरत नाही.

आता प्रयोगशाळेकडे. काम बिघडतं ते इथे. उंदरांना लस दिल्यावर सुईने जिवाणू टोचणं सोपं, पण त्यातून चुकीचं उत्तर मिळतं. नळीत वाढवलेल्या बोरेलियावर ओएसपी-ए भरपूर असतं, म्हणून तो उंदराच्या शरीरातच मारला जातो आणि गोचिडीच्या आतड्यातली खरी परीक्षा राहूनच जाते. दुसरं, जिवाणू वारंवार नव्या पोषक द्रवात टाकत राहिलं की तो काही प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे सुटे तुकडे, गमावतो. त्यातलं ‘एलपी२५’ गेलं की उंदराला संसर्गच होत नाही, आणि लस यशस्वी झाल्याचा भास होतो. म्हणून संसर्गित निम्फ, म्हणजे खसखशीएवढ्या पिल्लावस्थेतल्या गोचिड्या, उंदरावर सोडून पोटभर रक्त पिऊ द्याव्यात. काही आठवड्यांनी कान, मूत्राशय, हृदय, सांधा यांतून जिवाणू वाढवून पाहावा, शिवाय जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी. गळून पडलेल्या गोचिड्याही तपासाव्यात. लस न दिलेल्या उंदरांना संसर्ग झालाच नसेल, तर तो सगळा प्रयोग रद्द समजावा. गोचिड्यांतच जिवाणू नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. भारतीय टिक टायफस हा गोचिडीतून येणारा ताप; त्याचा जिवाणू रिकेट्सिया पेशींच्या आत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात राहतो. तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. संसर्ग झालेली पेशीच मारणाऱ्या टी-पेशी लागतात, आणि त्या जागवणारं प्रतिजन, म्हणजे जिवाणूचा ओळखू येणारा भाग, शोधणं कठीण. शिवाय तो फक्त जिवंत पेशींत वाढतो. त्याच्या भावंडावर, अमेरिकेतल्या रॉकी माउंटन तापावर, १९२४मध्ये स्पेन्सर आणि पार्कर या शास्त्रज्ञांनी संसर्गित गोचिड्या कुटून, जंतू मारणारं फिनॉल घालून लस केली होती. नंतर कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यात रिकेट्सिया वाढवून दुसरी केली. संरक्षण पुरेसं ठरलं नाही आणि दोन्ही मागे पडल्या.

तिसरी वाट म्हणजे थेट गोचिडीविरुद्ध लस. गुरांसाठी ‘बीएम८६’ या गोचिडीच्या आतड्यातल्या प्रथिनाची लस १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबामध्ये आली. ती चावा थांबवत नाही, पण गोचिडीची अंडी घटवते, म्हणजे फायदा पुढच्या पिढीत दिसतो. येल विद्यापीठात २०२१मध्ये गोचिडीच्या लाळेतल्या १९ प्रथिनांची एमआरएनए लस (प्रथिन बनवण्याचा निरोप शरीराला देणारी) गिनीपिगवर तपासली. चावल्या जागी त्वचा लाल झाली, गोचिड्या लवकर सुटल्या आणि बोरेलिया पोचला नाही. उंदरांत मात्र हे तसं दिसलं नाही, म्हणून माणसाबद्दल घाईने बोलू नये.

टिक टायफसला लस नाही. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरा आणि सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी लावू नका. तारीख लिहून ठेवा. दोन आठवड्यांत ताप आला, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना चावा आणि तारीख दोन्ही सांगा. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, आणि संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्यात रक्ताची प्रतिपिंड-चाचणी बहुतेकदा निगेटिव्हच येते.