महागडा फोल्डिंग चाकू घ्यावा का? आधी पातं बघा

नमस्कार मंडळी. टायटॅनियमची मूठ, त्यात कार्बन फायबरची पट्टी बसवलेली, पात्यावर कुठल्यातरी भारी स्टीलचं नाव कोरलेलं, असा फोल्डिंग चाकू बघून ज्यांचा हात पाकिटापर्यंत गेलाय पण पैसे अजून बाहेर आलेले नाहीत, आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा चाकूत आपण तीन गोष्टींचे पैसे मोजतो, पात्याचं पोलाद, मुठीचं मटेरियल आणि जुळणीतली सफाई. यातली कापायच्या कामात थेट उतरते ती फक्त पहिली, आणि तीसुद्धा एकटीने नाही. मूठ सुंदर असावी, हातात घेतल्यावर बरं वाटावं, हे मला पूर्ण मान्य आहे, पण दोरी कापताना टायटॅनियम काही मदत करत नाही हो.

आधी पोलाद बघू. साध्या पॉकेट चाकूतलं स्टेनलेस साधारण ५६ रॉकवेल कडकपणाचं असतं, रॉकवेल म्हणजे धातूचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक. स्विस आर्मीचा तो लाल चाकू, ज्याचं ऑफिसर मॉडेल १८९७ सालचं, आजही त्याच आसपास आहे आणि जगभर लोक तो वर्षानुवर्षं खिशात बाळगतात, कारण धार गेली तरी साध्या दगडावर थोडा वेळ फिरवला की परत येते. महाग चाकूत असतं ते पावडर स्टील. म्हणजे वितळलेलं पोलाद गॅसच्या जोरदार झोताने फवारून त्याची बारीक पूड करतात, मग ती पूड डब्यात भरून प्रचंड दाबाखाली तापवून परत एकजीव करतात. एवढा खटाटोप कशाला, तर पोलादात कार्बाइडचे अतिशय कडक कण असतात, झीज तेच थोपवतात, पण नेहमीच्या पद्धतीने ओतलेलं पोलाद सावकाश थंड होताना हे कण मोठे होतात, एका जागी गोळा होतात आणि धारेचा टवका उडतो तो बहुतेकदा तिथूनच. पावडरमध्ये प्रत्येक थेंब क्षणात थिजतो, म्हणून कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात.

नावं तुम्ही ऐकली असतील. सीपीएम एस३०व्ही २००१ च्या सुमारास आलं, खास चाकूंसाठी बनवलेलं, ४ टक्के व्हॅनेडियमवालं, म्हणजे फार कडक कार्बाइड बनवणारा धातू त्यात मिसळलेलं. एम३९० मध्ये क्रोमियमच २० टक्के. आणि २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट, लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने डिझाइन केलेलं, ते मला मनापासून आवडतं, कारण त्यात क्रोमियम जेमतेम ११ टक्के असूनही ते गंजाला भारी टक्कर देतं. कसं, तर त्यातलं क्रोमियम मोठाले कण बनवण्यात वाया जात नाही, ते पोलादात विरघळलेलं राहतं आणि गंज अडवण्याच्या कामी येतं, शिवाय मोठे कण नाहीत म्हणून पातं चिवटही होतं. धार टिकणं, चिवटपणा आणि गंज न लागणं, यातलं एक वाढवलं की दुसरं कमी होतं हे पोलादाचं जुनं भांडण आहे, आणि तिन्ही एकदम बऱ्यापैकी साधणारं पोलाद मिळत असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला काही चूक वाटत नाही.

पण थांबा, नावावर लगेच भाळू नका. तेच पोलाद दोन कारखान्यांत दोन वेगळे चाकू देतं, कारण पाणी कसं दिलंय यावर अर्धा खेळ आहे. किती तापवलं, किती झटकन थंड केलं, नंतर किती तापमानावर त्याचा कडकपणा थोडा उतरवला, यात जरा इकडेतिकडे झालं की एकाच नावाचं पातं कुठे ५८ रॉकवेलचं निघतं तर कुठे ६२ चं, आणि वापरात हा फरक चांगलाच जाणवतो, नरम राहिलं तर धार वळते. म्हणून जी कंपनी कडकपणाचा आकडा उघडपणे छापते तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो, जी फक्त पोलादाचं नाव ठळक अक्षरात लिहून गप्प बसते तिला सरळ प्रश्न विचारावा. अजून एक, फॅक्टरीत वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर धार लावताना अगदी टोकाची कड तापून नरम पडू शकते, त्यामुळे नव्या चाकूची पहिली धार लवकर गेली तर पोलादाला लगेच नावं ठेवू नका, दगडावर दोन-तीनदा पाजळून ती कड निघून गेली की मग खरं पोलाद कळतं.

आता त्याच्याहून मोठी गोष्ट, जी जाहिरातीत क्वचित दिसते. ती म्हणजे पात्याचा आकार, धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे ते. दणकट दिसावा म्हणून कित्येक महाग चाकूंचं पातं पाठीकडे ४ मिलिमीटर जाड असतं आणि धारेच्या मागेही ०.७ मिलिमीटरच्या आसपास राहतं. असं पातं पुठ्ठ्यात घातलं की पाचर ठोकल्यासारखं अडकतं, फळ कापायला घेतलं तर ते कापलं जायच्या ऐवजी फुटतं. तेच धारेच्या मागे ०.३ मिलिमीटर असलेलं पातं अलगद सरकत जातं. फ्रान्समधला ओपिनेल बघा, १८९० पासून बनतोय, लाकडाची साधी मूठ, साधं पोलाद, बेअरिंग वगैरे काही नाही, पण पातं पातळ, आणि पुठ्ठा कापायला तो कितीतरी महागड्या जाड चाकूंना मागे टाकतो. धारेचा कोन अरुंद केला की धार जास्त वेळ कापत राहते हेही मशीनवरच्या चाचण्यांत वारंवार दिसलंय, कोन थोडा बदलून जेवढा फरक पडतो तेवढा कधीकधी पोलाद बदलूनही पडत नाही. अर्थात अरुंद कोन सांभाळायला पोलाद चिवट आणि कडक हवंच, नाहीतर कड वळेल किंवा तुटेल, आणि भारी पोलादाचे पैसे खरे वसूल होतात ते इथेच. म्हणजे चांगलं पोलाद आणि जाड पातं अशी जोडी असेल तर तुम्ही ज्या गुणासाठी पैसे दिले तो वापरायला मिळतच नाही, आणि मला खरंच वाईट वाटतं जेव्हा एवढं सुरेख पोलाद कुणी पहारीसारखं जाड ठेवून विकतं.

धार लावण्याचंही आधीच ठरवा. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक असतात, त्यामुळे एस३०व्ही किंवा एम३९० नेहमीच्या दगडावर घासत बसलात तर वेळ खूप जातो आणि धार तेवढी येत नाही, डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली सपाट पट्टी, लागतेच. ती घ्यायची आणि शिकायची तयारी नसेल तर साधं पोलाद तुम्हाला जास्त सुख देईल. काहीजण वर्षभर बोथट झालेला महाग चाकू खिशात घेऊन फिरतात, त्याच्यापेक्षा धार असलेला स्वस्त चाकू हजार पटीने बरा.

मुठीकडे येऊ. टायटॅनियम म्हणजे बहुतेकदा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू, वजन पोलादाच्या साधारण ५७ टक्के, गंज अजिबात नाही आणि स्प्रिंगसारखं वाकून परत येण्याचा गुण चांगला. म्हणूनच फ्रेम लॉकमध्ये, जिथे मुठीचाच एक भाग आत वळून पात्याला अडवतो, तिथे ते शोभतं. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांनी आपल्या सेबेन्झा चाकूत हा लॉक आणला आणि मग सगळ्यांनी उचलला. पण टायटॅनियम पोलादापेक्षा नरम, लॉकचं टोक पात्यावर घासून झिजतं, कधी चिकटतंही, म्हणून चांगले बनवणारे तिथे पोलादाचा छोटा तुकडा बसवतात. विकत घेताना हे नक्की बघा. मुठीवरचे निळे-जांभळे रंग म्हणजे वर जमवलेला ऑक्साइडचा पातळ थर, विजेच्या व्होल्टेजवर रंग ठरतो, दिसतो झकास पण किल्ल्यांबरोबर खिशात ठेवलात तर ओरखडे पडणारच. कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, पण गुळगुळीत पॉलिश केलेलं ओल्या हातातून निसटतं. पकडीसाठी म्हणाल तर खरखरीत जी१० (काचेचे धागे राळेत दाबून केलेलं) किंवा मिकार्टा (कापड किंवा कागद राळेत दाबून केलेला), दोन्ही तुलनेने स्वस्त, मला रोजच्या कामाला जास्त पटतात, आणि मिकार्टा तर हाताच्या तेलाने हळूहळू गडद होत जातो ते बघायला फार छान वाटतं.

मग जास्तीचे पैसे कुठे दिसतात, तर जुळणीत. चाकू हातात घ्या, उघडा, पात्याचं टोक धरून हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा, जराही डुगडुगता कामा नये. लॉक पूर्ण आणि ठाम बसतो का, बंद केल्यावर पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये येतं का, बंद असताना झटक्याने आपोआप उघडत तर नाही ना. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण खिशात उघडलेला चाकू बोटं कापतो. बॉल बेअरिंगवाला चाकू फार मऊसूत उघडतो, पण धूळ-वाळूत काम असेल तर ती आत जाऊन करकर सुरू होते, तिथे ब्राँझचे साधे वॉशर जास्त सोशिक. स्क्रू कुठल्या मापाचे आहेत, उघडून साफ करायची कंपनी परवानगी देते का, हेही विचारा, कारण चाकू स्वतः खोलला म्हणून वॉरंटी नाकारणाऱ्या कंपन्या आहेत आणि ज्या वस्तूत कचरा जाणारच तिला साफ करायला मनाई करणं मला अजिबात पटत नाही.

तर घ्यावा का? रोज पुठ्ठे, पट्टे, दोर कापत असाल, पाण्याजवळ किंवा खाऱ्या हवेत काम असेल, धार लावायला आवडत असेल, तर पातळ घासलेलं, नीट पाणी दिलेलं पावडर स्टीलचं पातं आणि साधी मूठ असा चाकू बिनधास्त घ्या. आठवड्यातून एखादं पाकीट फोडायचं असेल तर साधा चाकू पुरतो. आणि कारागिरीवर प्रेम म्हणून टायटॅनियमवाला घ्यायचा असेल तर तेही चांगलंच कारण आहे, फक्त तो दाराआड डब्यात ठेवू नका, वापरा.

घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, कारण पात्यावर एम३९० कोरलेलं आहे म्हणून आत तेच आहे हे डोळ्यांनी कळायचा काहीच मार्ग नाही आणि नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला भरपूर फिरतात. आणि तुम्ही राहता तिथला कायदा आधी वाचा, पात्याची लांबी, लॉक असणं, एका हाताने उघडणं, यावर देशोदेशी वेगवेगळी बंधनं आहेत. विमानाने जाणार असाल तर आदल्या रात्रीच चाकू खिशातून काढून चेक-इनच्या बॅगेत ठेवा, सुरक्षा तपासणीत जप्त झाला की सहसा परत मिळत नाही.