पासपोर्टवरचा पत्ता

(दृश्य : धुळे शहरातील आग्रा रस्ता. दुपारची वर्दळ, भिंतीवर अर्धवट फाटलेला प्रचारपत्रक.)

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघाचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. सुमारे बारा लाख मतांची मोजणी झाल्यानंतर काँग्रेसच्या शोभा बच्छाव आणि भाजपचे सुभाष भामरे यांच्यात एवढेच अंतर उरले होते. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण आणि मालेगाव बाह्य या पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते. सहाव्या, एकट्या मालेगाव मध्यने ती सगळी आघाडी भरून काढली आणि वर बच्छाव यांच्या पदरी ही थोडी मते शिल्लक ठेवली.

त्या निवडणुकीत धुळ्यातील साधारण साठ टक्के मतदारांनी मतदान केले. उरलेल्या चाळीस टक्क्यांचा उल्लेख झाला की ‘मतदारांची उदासीनता’ हे शब्द ठरल्यासारखे येतात. या चाळीस टक्क्यांत घरी असूनही केंद्रावर न गेलेले किती आणि मुळात गावातच नसलेले किती, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. यादीत नाव असलेली, पण दुबई, दोहा, फ्रँकफर्ट किंवा न्यू जर्सीत राहणारी माणसे खान्देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत. हा माहितीपट त्यांच्या मताविषयी आहे आणि निवडणुकीआधी होणाऱ्या जनमत चाचण्यांत त्यांचे काय होते याविषयीही आहे.

(दृश्य : मतदार नोंदणीचा अर्ज भरणारे हात.)

भारतीय निवडणूक कायद्यात मतदार ठरतो तो ‘सर्वसाधारण रहिवासी’ या कसोटीवर. ज्या मतदारसंघात माणूस राहतो, तिथेच त्याचे नाव. या कसोटीमुळे परदेशी नोकरीस गेलेला भारतीय नागरिक कित्येक दशके यादीबाहेरच राहिला. त्याचे नागरिकत्व कायम होते, मत मात्र नव्हते. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये कलम २० क ची भर पडली आणि फेब्रुवारी २०११ पासून नोंदणीचा मार्ग खुला झाला. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने बाहेर असलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला नमुना ६ क भरून नाव नोंदवता येते. ज्यांनी अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी त्यांना हा हक्क मिळत नाही.

या मतदाराचा मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टवरच्या भारतातील पत्त्यावरून. अर्ज आल्यावर गावचा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, त्या पत्त्यावर जाऊन घरच्यांकडे चौकशी करतो, आणि खात्री पटली की त्या यादीभागाच्या शेवटी परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या विभागात नाव लागते. त्याला मतदार ओळखपत्र दिले जात नाही. पूर्वीचे असल्यास ते परत करावे लागते, कारण केंद्रावर त्याची ओळख पटवायची ती मूळ पासपोर्ट दाखवून.

खरी अडचण याच्या पुढे आहे. मत द्यायचे तर स्वतः केंद्रावर यावे लागते. अमळनेरच्या यादीत नाव असलेल्या आणि म्युनिकमध्ये काम करणाऱ्या अभियंत्याला एका बटणासाठी रजा काढून, विमानाचे तिकीट घेऊन मुंबईला आणि तिथून रेल्वेने गावी पोहोचावे लागेल. कायद्याने हक्क दिला आणि प्रवासखर्च मतदाराच्या माथी मारला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ मध्ये देशभर सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष मतदान केले ते २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आखाती देशांत घराघरांतून माणसे गेलेल्या त्या राज्यात नोंदणीसाठी संघटना झटतात, मतदारांना आणण्यासाठी विमानांची व्यवस्था करतात. महाराष्ट्रात मात्र मत देण्यासाठी आलेल्या परदेशस्थ मतदारांची संख्या वीसचाही आकडा गाठू शकली नाही. अनिवासी भारतीयांची एकूण संख्या कोटीच्या वर असताना नोंदणीच लाखाच्या घरात अडकलेली असावी, यावरून लोकांनी या तरतुदीची किंमत किती केली आहे ते कळते.

(दृश्य : संसद भवन. नंतर खान्देशातील एका वाड्याची ओसरी.)

यावर दोन उपाय गेली दहा वर्षे चर्चेत आहेत. पहिला प्रतिनिधीमार्फत मतदानाचा. तशी दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले. सैन्यदलातील मतदारांना ही सोय २००३ पासून आहे. त्यांचा प्रतिनिधी त्याच मतदारसंघाचा रहिवासी असतो आणि स्वतःच्या मताची शाई तर्जनीवर, तर जवानाच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटावर लावली जाते.

व्यवस्था दिसायला सोपी आहे, तरी ती सरसकट परदेशस्थांना लागू करण्याबाबत आम्हाला शंका वाटते. आपल्याकडे मत हे बऱ्याचदा घराचे, भाऊबंदकीचे आणि समाजाचे ठरते. मुलगा परदेशात आणि त्याचे मत वडिलांच्या किंवा थोरल्या काकांच्या हाती, अशा स्थितीत मुलाने सांगितलेल्याच चिन्हासमोर बटण दाबले गेले की नाही, हे पडद्याआड कोण पाहणार? आणि मुलाने आपली पसंती काकांना सांगायची म्हटली, तर गुप्त मतदानातली गुप्तता तिथेच संपते. गावकीच्या राजकारणात ज्या घरात दोन भाऊ दोन पक्षांत आहेत, त्या घराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा उपाय टपाली मतपत्रिकेचा. २०१६ पासून सैनिकांना आणि दूतावासांतील कर्मचाऱ्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते. ते ती छापून, खूण करून टपालाने परत पाठवतात. हीच सोय परदेशस्थ मतदारांना द्यावी, असे निवडणूक आयोगाने २०२० मध्ये कायदा मंत्रालयाला कळवले होते. अद्याप तसे झालेले नाही. मतपत्रिका मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत पोहोचली पाहिजे ही अट, आणि आखातातल्या कामगाराने ती मालकाच्या किंवा खोलीतील सोबत्यांच्या नजरेसमोर भरण्याची शक्यता, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही प्रतिनिधीच्या तुलनेत हा मार्ग आम्हाला अधिक स्वच्छ वाटतो. जगात याचे दाखले कमी नाहीत. ब्रिटनने पंधरा वर्षांनंतर परदेशस्थांचा हक्क संपवणारी मर्यादा जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. फ्रान्स त्याहून पुढे गेला असून, परदेशी राहणारे फ्रेंच नागरिक २०१२ पासून स्वतःचे अकरा प्रतिनिधी निवडतात.

(दृश्य : दूरचित्रवाणीवरील रंगीत आलेख, आवाज बंद.)

आता जनमत चाचण्या. लोकनीतीसारख्या संस्था घरोघरी जाऊन सर्वेक्षण करतात, तेव्हा आधी मतदारसंघ, मग केंद्रे आणि शेवटी मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे निवडली जातात. प्रश्न विचारणारा त्या नावाच्या शोधात दारात येतो, नकली मतपत्रिका देतो, आणि उत्तर देणारा ती घडी करून पेटीत टाकतो. नाव निघालेला माणूस शारजात असेल तर त्याचे उत्तर येत नाही. म्हणजे कायदा आणि सर्वेक्षक दोघेही एकाच यादीवर चालतात आणि दोघांनाही घरी सापडेल तोच मतदार मोजता येतो.

दूरध्वनीवरून होणाऱ्या चाचण्यांत अडचण निराळी आहे. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला साक्रीकडची म्हातारी ‘आमनं आजून ठरेल नही’ असे अहिराणीत उत्तर देऊन फोन ठेवते आणि तिची नोंद ‘सांगता येत नाही’ या रकान्यात होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथल्या मणिबेली केंद्रावर मतदान पथकाला नर्मदेतून बोटीने जावे लागते, तिथे फोन लागला तरी पुरे.

यापेक्षाही मोठी अडचण गणिताची आहे. हजार जणांच्या नमुन्यात साधारण तीन टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. धुळ्याचा निकाल लागला तो टक्क्याच्या एक तृतीयांश फरकाने. तेवढी बारीक चूक गाठायची तर या एकाच मतदारसंघात लाखावर लोकांना प्रश्न विचारावे लागतील, आणि त्यातही मालेगाव मध्यचा वाटा बरोबर राखावा लागेल; सहापैकी पाच क्षेत्रांत फिरलेल्या सर्वेक्षकाने धुळ्याचा कौल नेमका उलटा सांगितला असता. राज्याचा एकूण कल सांगणाऱ्या चाचणीतून एकेका जागेचा निकाल काढणे, ही त्या शास्त्रावर केलेली जबरदस्ती आहे. २०२४ च्या लोकसभेचा शेवटचा टप्पा संपला त्या १ जूनच्या संध्याकाळी अनेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

कायद्याने चाचण्यांना बांध घातला आहे तो वेळेचा. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जनमत चाचणी दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. मतदानोत्तर चाचणीला पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बंदी असते. जळगाव, रावेर आणि नंदुरबारने १३ मे रोजी, तर धुळ्याने २० मे रोजी मत दिले, आणि त्यांचे म्हणणे १ जूनपर्यंत झाकून ठेवले गेले. नमुना कसा निवडला, किती घरे बंद आढळली, हे सांगण्याची सक्ती मात्र या दोन्ही कलमांत नाही.

(दृश्य : नवापूर बसस्थानक. डोक्यावर बोचकी घेतलेली कुटुंबे गुजरातच्या गाडीत चढताना.)

परदेशस्थांविषयी बोलताना या गाडीतल्या माणसांना वगळणे बरे दिसणार नाही. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी या स्थलांतराच्या दिवसांत झाली. राज्याबाहेरच्या मतदारांसाठी आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ठेवला. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि विषय तिथेच थांबला. परदेशी गेलेल्यांसाठी यादीत निदान वेगळा विभाग आहे. बारडोलीच्या फडात असलेल्या मजुराची नोंद फक्त ‘मतदान केले नाही’ एवढीच होते.

त्याच नोव्हेंबरात मालेगाव मध्यमधील विधानसभेची जागा १६२ मतांनी ठरली. पुढच्या वेळी आलेख दाखवणाऱ्या वाहिन्यांनी आणि टक्केवारी जाहीर करणाऱ्या आयोगाने आणखी एक आकडा द्यावा, एवढी आमची मागणी आहे : यादीतील किती नावे त्या दिवशी पत्त्यावर नव्हती. बीएलओ घरोघरी फिरतोच; सर्वेक्षकाच्या वहीत बंद दारांची नोंद असतेच.