सलग २४४ सामने

श्रोतेहो, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या जिम स्टाइन्सविषयी बोलताना त्याच्या पदकांच्या आधी मी त्याच्या एका चुकीविषयी बोलणार आहे, कारण त्या चुकीनंतर तो कसा वागला यातच मला त्याची कारकीर्द दिसते.

सप्टेंबर १९८७. मेलबर्न शहरातल्या वेव्हर्ली पार्क मैदानावर मेलबर्न आणि हॉथॉर्न यांचा सामना सुरू होता आणि जिंकणारा संघ अंतिम सामन्यात जाणार होता. मेलबर्न क्लबने १९६४ नंतर अंतिम सामना पाहिलाच नव्हता. शेवटच्या क्षणी मेलबर्नकडे चार गुणांची आघाडी होती. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला गोलसाठी किक मिळाली होती, पण अंतर बरेच होते. अशा वेळी किक मारणारा आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी यांच्या मधून कोणी धावायचे नाही, असा नियम आहे. मेलबर्नकडून पहिलाच हंगाम खेळणारा एकवीस वर्षांचा स्टाइन्स आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याला गाठण्याच्या धांदलीत नेमका तिथूनच धावला. पंचांनी बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणले. भोंगा वाजून गेल्यावर त्याने मारलेली किक खांबांमधून गेली, सहा गुण झाले आणि मेलबर्न दोन गुणांनी हरले.

हा मुलगा मुळात डब्लिनचा. १९८४ साली आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचे कुमार गटातले अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून तो मेलबर्नला आला. आयर्लंडमधून खेळाडू आणून घडवायचे, हा प्रशिक्षक रॉन बरासी यांच्या काळात क्लबने धरलेला ध्यास होता. गेलिकचा चेंडू गोल असतो, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा लंबगोल. तो हातातून पायावर सोडताना बोटभर जरी कलला तरी किक भलतीकडे जाते, आणि ही सवय बालपणापासून अंगात मुरलेल्या मुलांमध्ये स्टाइन्सला विशीच्या उंबरठ्यावर सगळे पहिल्यापासून गिरवावे लागले. वरिष्ठ संघातल्या पहिल्या सामन्यासाठी त्याला १९८७ पर्यंत थांबावे लागले. मला तर ही दोन-अडीच वर्षेच त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची वाटतात.

त्या पराभवानंतर तो लपून बसला नाही. १९८७ मध्येच सुरू झालेली त्याची सलग सामन्यांची मालिका १९९८ पर्यंत तुटली नाही. ती २४४ सामन्यांची झाली, आणि हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतला विक्रम आहे. तो रकमन होता, म्हणजे पंचांनी चेंडू आपटून वर उडवला की समोरच्या तितक्याच धिप्पाड माणसाला धडकत उडी मारून तो आपल्या खेळाडूंकडे ढकलायचा. बरगड्या, गुडघे, हात यांपैकी काहीच शाबूत राहू नये असे हे काम त्याने अकरा वर्षे एकही सामना न चुकवता केले. १९९१ साली त्याला सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले. क्लबचा सर्वोत्तम खेळाडू तर तो चारदा ठरला, त्यांपैकी तीनदा १९९५ ते १९९७ या लागोपाठच्या वर्षांत, म्हणजे तिशीच्या आसपास.

एकूण २६४ सामने खेळून तो निवृत्त झाला. १९९४ मध्येच त्याने तरुण मुलांसाठी ‘रीच’ ही संस्था एका सहकाऱ्यासोबत उभी केली होती. २००८ साली क्लब कर्जात बुडालेला असताना त्याने अध्यक्षपद पत्करले. पुढच्याच वर्षी त्याला कर्करोगाचे निदान झाले. रोग मेंदूपर्यंत पोहोचला तरी शस्त्रक्रिया आणि उपचार सांभाळून तो क्लबसाठी पैसे उभे करत राहिला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये मेलबर्न क्लब कर्जमुक्त झाल्याचे जाहीर झाले. अध्यक्षपद त्याने सोडले ते फेब्रुवारी २०१२ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दीड महिना आधी.