प्रीॲम्पचा गेन आणि मुद्रणाची पातळी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातील आणि आसपासच्या गावांतील भजनी मंडळे व शाहिरी पथके आता घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू लागली आहेत. माईक बरा असतो, गळेही तयारीचे असतात. तरीही मुद्रण ऐकताना ऐन चढ्या सुरात आवाज फाटतो, नाहीतर गाण्यामागे सतत खरखर ऐकू येते. याचे मूळ बहुतेक वेळा प्रीॲम्पवरच्या, म्हणजे माईकचा संदेश वाढवणाऱ्या यंत्रावरच्या, गेनच्या बटणात असते; ही वाढ किती करायची ते गेन ठरवतो.

माईकमधून निघणारा विद्युत संदेश अतिशय क्षीण असतो. साध्या डायनॅमिक माईकजवळ गायले तरी जेमतेम काही मिलिव्होल्ट हाती येतात आणि पुढच्या यंत्रणेला मात्र सुमारे एक व्होल्टची पातळी हवी असते. ही वाढ प्रीॲम्प करतो. २० डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज दहापट, ४० डेसिबल म्हणजे शंभरपट आणि ६० डेसिबल म्हणजे हजारपट. कंडेन्सर माईकचा संदेश मुळातच मोठा असल्यामुळे त्याला गेन कमी पुरतो, मात्र त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यावा लागतो.

डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही शेवटची मर्यादा आहे. आवाज तिच्यावर गेला की लहरीचे माथे सपाट कापले जातात, आणि जे कापले गेले ते नंतर संगणकावर फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढून परत मिळत नाही. फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो. म्हणून सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंतच पोहोचावा, अशा बेताने गेन ठेवावा. मीटरचा काटा शून्याला भिडवण्याचा आग्रह टेपच्या काळातून आला आहे. टेपची स्वतःची खरखर झाकण्यासाठी तेव्हा पातळी चढी ठेवणे रास्त होते. आजच्या २४ बिट मुद्रणाचा आवाका (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) कागदोपत्री १४४ डेसिबल आहे, तेव्हा वर दहा-बारा डेसिबल मोकळे सोडल्याने काहीही बिघडत नाही. उलट टोक मात्र टाळावे, कारण गेन फारच कमी ठेवून नंतर आवाज वाढवला, तर त्याबरोबर खोलीतला पंखा आणि यंत्राची खरखरही वाढते.

खरी गफलत होते ती चाचणीत. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ यावर गेन ठरवणे निरर्थक आहे, कारण त्या आवाजात कोणीही पोवाडा म्हणत नाही. शाहिरांना पोवाड्यातला सर्वांत चढा चौक (पोवाड्याचा एक भाग) पूर्ण जोशात म्हणायला सांगावे आणि त्यावर बटण लावून, ते आणखी थोडे खाली घ्यावे. श्रोते समोर बसले की शाहीर चाचणीपेक्षा हमखास वर जातात. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेत बैठका ऐकलेल्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको: विलंबित आलापावर पातळी ठरवली, तर द्रुत तानांत ती मोडणारच. हलगीच्या बाबतीत तर मीटरवरही पूर्ण विसंबता येत नाही. काट्याच्या व्हीयू मीटरला पुरती हालचाल करायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, तर काठीचा फटका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. अशा वाद्यासाठी क्षणिक टोकेही दाखवणारा पीक मीटर पाहावा, आणि तरीही फाटत असेल तर येणारा संदेश आधीच कमी करणारे पॅडचे बटण दाबावे.

अंतर हाही एक गेनच आहे, आणि तो फुकट मिळतो. मोकळ्या जागेत माईकपासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते; त्यामुळे ‘जी जी’ करणारे झिलकरी मुख्य गायकाच्या माईकमध्ये फार येत असतील, तर गेनशी खेळण्यापेक्षा त्यांना दोन पावले मागे उभे करावे.

एकदा पोवाडा सुरू झाला की गेनला हात लावू नये. मध्येच बटण फिरवले तर पुढचा चौक मागच्याशी जुळत नाही आणि जोडताना तो सांधा कानाला जाणवतो. मुद्रण संपल्यावर आधी गेन पूर्ण खाली घ्यावा, मग फँटम पुरवठा बंद करावा आणि त्यानंतरच केबल काढावी.