फिर्यादीही तोच, न्यायाधीशही तोच: अ‍ॅन हचिन्सनचा खटला

नमस्कार. नोव्हेंबर १६३७. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं न्यूटाऊन, म्हणजे आजचं केंब्रिज. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आरोप करतोय, आणि न्यायासनावरही तोच बसलाय. समोर एक सुईण, अ‍ॅन हचिन्सन. तिला वकील नाही, ज्यूरी नाही.

तिनं केलं काय होतं? बॉस्टनच्या घरी बायकांना जमवून ती रविवारच्या प्रवचनावर बोलायची. पुढे पुरुषही येऊ लागले, गर्दी साठ-ऐंशीवर गेली. तिथे ती सांगायची की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, आणि इथले बहुतेक धर्मोपदेशक मात्र लोकांना सदाचरणावर विसंबायला शिकवतात. आता हे लक्षात घ्या: त्या वसाहतीत मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना होता. त्यामुळे उपदेशकांवर शंका घेतली की थेट सत्तेलाच हादरा बसायचा.

पहिल्या दिवशी विन्थ्रॉपची पंचाईत झाली. सभांबद्दल विचारलं, तर तिनं बायबलमधलं तीताला लिहिलेलं पत्र पुढे केलं: वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना शिकवावं. तिच्या बाजूच्या लोकांनी सरकारविरोधी अर्ज केला होता, पण त्यावर तिची सहीच नव्हती. मग त्यानं बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी पाचवी काढली. आईबापांचा मान राख, आणि राज्यकर्ते म्हणजे आईबापच! तिनं उलट विचारलं, आईबापांनी परवानगी दिली नाही म्हणून देवभीरू माणसांना मी घरात घ्यायचंच नाही का? यावर तो म्हणाला, तुमच्या जातीच्या माणसांशी आम्हाला वाद घालायचा नाही. जात म्हणजे बाईची.

उरला एक आरोप, उपदेशकांच्या निंदेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागणी केली की त्यांनी शपथेवर साक्ष द्यावी. हा खरा कायदेशीर डाव होता, कारण खोटी शपथ म्हणजे घोर पाप. साक्षीदार घुटमळले. तिचे गुरू जॉन कॉटन यांनीही आरोपाला दुजोरा दिला नाही. खटला ढासळत होता.

तेवढ्यात ती स्वतःच बोलली: देव माझ्या आत्म्याशी थेट बोलतो. वसाहत चालवणारे प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, यांच्या मते साक्षात्कार बायबलबरोबर संपले होते. कोर्टाला हवं ते आयतं हाती लागलं. शिक्षा, हद्दपारी. कारण विचारलं, तर विन्थ्रॉप म्हणाला, कोर्टाला कारण ठाऊक आहे आणि कोर्टाचं समाधान झालंय.

हिवाळाभर तिला रॉक्सबरीत नजरकैदेत ठेवलं. मार्च १६३८ मध्ये चर्चनंही बहिष्कृत केलं, आणि ती ऱ्होड आयलंडकडे निघाली. या दोन दिवसांची प्रश्नोत्तरं आजही वाचायला मिळतात. वाचायला घ्याल तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या सकाळपासून सुरुवात करा.