घर घेण्याआधी एक पावसाळा

(गोव्यातल्या साखळी इथल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची कार्यकर्ती मंडळी आणि समोर बसलेले माझे बंधू-भगिनी,

मला दिलेला विषय आहे 'घर घ्यावं की भाड्याने राहावं'. आकडेमोड मी लिहून आणली आहे, ती शेवटी करूच. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. गेली दहा-बारा वर्षं भेटेल त्याला मी ती सांगत आलेय, आणि आज इतकी माणसं एकदम भेटली आहेत. घर विकत घ्यायचं मनात असेल, तर ज्या वाड्यावर किंवा ज्या वसाहतीत ते घ्यायचं आहे, तिथं आधी एक पावसाळा भाड्याने राहा. जमलं तर त्याच इमारतीत राहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. सही त्यानंतर.

मी सत्तावीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची अकरा गृहकर्जाच्या टेबलावर. टेबलापलीकडे बसलेल्या नवरा-बायकोचे चेहरे मला अजून आठवतात. फाइल हातात, डोळ्यांत भीती आणि आनंद दोन्ही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते घर डिसेंबरात नाहीतर मार्चमध्ये पाहिलेलं असायचं. ऊन स्वच्छ, रंग ताजा, अंगणात धूळ. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं पाणी, आणि त्यातलं बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत घर कसं वागतं हे न बघता आपण वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो.

आता जरा हात वर करा. चवथीचं, म्हणजे गणपती बसतो ते मूळ घर एक आणि राहण्याचं घर दुसरं, असे किती जण आहात? बघा, अर्ध्याहून जास्त सभागृह. म्हणून हा विषय पुण्या-मुंबईत एक होतो आणि आपल्याकडे दुसरा. आपल्यापैकी बहुतेकांना घर नाही असं नाहीच. घर आहे, फक्त त्यात वाटेकरी आहेत.

माझं सासरचं घर सत्तरीत. चवथीला तिथं बत्तीस पानं वाढली जातात. गणपतीच्या वर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला दीर आदल्या दिवशी रानात जातात, घागऱ्या, कांगलां, जे मिळेल ते घेऊन येतात. त्या घरात आमचा हिस्सा आहे, पण तो कुठल्या खोलीत आहे हे कुणी सांगू शकत नाही. आपल्याकडे वारसा चालतो तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वळणाने. मुलगा-मुलगी सारखे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. त्यामुळे विकायचं म्हटलं की दोघांची सही लागते, मुलीची आणि जावयाचीसुद्धा. ही पद्धत मला मनापासून पटते. तिने आपल्या बायकांना जे दिलं, त्यासाठी इतर ठिकाणच्या बायकांना फार थांबावं लागलं. पण घराच्या मागचा तीनशे चौरस मीटरचा तुकडा विकायचं ठरलं तेव्हा आम्हाला तेवीस सह्या लागल्या. एक आते वारलेली, तिची तीन मुलं आणि त्यांचे जोडीदार. एक सही पोर्तुगालहून आली, एक मस्कतहून मुखत्यारपत्राने. इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांच्या वाटणीचं कोर्टातलं काम संपेपर्यंत दोन चवथी झाल्या. आणि अशा अविभक्त हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही. मी स्वतः असे अर्ज परत केलेत, वाईट वाटून परत केलेत.

म्हणून माणसं फोंड्याला, पर्वरीला, डिचोलीला फ्लॅट बघतात. 'आपलं म्हणून काहीतरी हवं' हे वाक्य मी त्या टेबलावर शेकडो वेळा ऐकलं. त्या वाक्यात काही चुकीचं नाही. घाई मात्र त्या वाक्यामुळेच होते, आणि आमचीही झाली.

२०११ चा फेब्रुवारी. फोंड्याच्या बाहेर, टेकडीच्या उतारावर नवी इमारत. तिसरा मजला, शेवटचा. पश्चिमेला गॅलरी. आम्ही संध्याकाळी पाचला गेलो तेव्हा गॅलरीत ऊन असं पसरलं होतं की मिस्टर म्हणाले, इथं बसून चहा प्यायचा. कागद मी तपासले, आणि कसून तपासले. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, काढला. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव नाही, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव नाही. तरुण मंडळींसाठी सांगते, हा रकाना आधी वाचायचा. कुळांचा कायदा १९६४ चा, मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा. त्या रकान्यात नाव असेल तर त्या माणसाचा हक्क खरा आहे, आणि तो हक्क मिळवायला त्याच्या आधीच्या पिढ्यांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या दारात आयुष्य काढलं आहे. त्याला डावलून कुणी जमीन विकत असेल, तर तिथून उठून यायचं. मग सनद पाहिली, शेतजमिनीचं रूपांतर झालंय की नाही त्याची. उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला. आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, पंचायतीचा ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला. सगळं चोख. आमच्या शाखेत इतकी नीट फाइल क्वचित यायची.

जुलैचा दुसरा आठवडा. माझ्या वडिलांची पेटी आम्ही त्या घरात आणली होती, पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवली होती. मी रोज सकाळी थोडी वाजवते. त्या दिवशी मधल्या सप्तकातला पंचम दाबला आणि पट्टी वर आलीच नाही. भाता सोडेपर्यंत तो एकच सूर घरभर घुमत राहिला. मला वाटलं स्प्रिंग गेली. पेटी पुढे ओढली, मागे हात घातला, तर भिंत भिजवलेल्या पोह्यांसारखी हाताला लागली. बोट टेकवलं की गिलावा निघून येत होता. शेजारचं कपाट सरकवलं. त्याच्या पाठीवर पांढरी बुरशी, आत माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीवर तीच. आईने दिलेला शालू. लाकडाला ओल लागून फुगलेल्या त्या पट्ट्या पुढे ऑक्टोबरपर्यंत सुटल्या नाहीत.

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आपटतो. आमची पश्चिमेची भिंत उतारावर उघडी होती, समोर ना झाड ना दुसरी इमारत. वर गच्ची, गच्चीवर पत्रे नाहीत. ज्या गॅलरीसाठी आम्ही घर घेतलं, त्याच गॅलरीतून पाणी आत येत होतं. आणि ऐका, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पूर्वेच्या बाजूला एक शिक्षिका राहायची, भाड्याने. तिच्या भिंती खडखडीत कोरड्या. बांधणारा तोच, सिमेंट तेच. तिच्याकडे चहाला गेले तेव्हा ती सहज म्हणाली, 'गेल्या पावसाळ्यात तुमच्या फ्लॅटमधून खाली जिन्यात पाणी यायचं.' तिला माहीत होतं! माझ्या फाइलमधल्या एकाही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. त्या इमारतीत एक पावसाळा काढलेल्या माणसाला मी फेब्रुवारीत दोन मिनिटं विचारलं असतं तरी पुरे होतं.

आम्ही तक्रार केली. बांधकाम करणाऱ्याने माणूस पाठवला, त्याने बाहेरून रंगाचा एक हात मारला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाला, 'मॅडम, गोंयांत पावस पडटलोच.' तिसऱ्या वर्षी फोन उचलणं बंद. शेवटी आम्ही वरच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून गच्चीवर पत्रे घातले, बाहेरून भिंतीला आवरण केलं, आमच्या वाट्याला एक लाख चाळीस हजार आले. त्या वाक्याचा राग मला अजून येतो. पाऊस पडतोच हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच भिंत तशी बांधायला हवी होती.

तेव्हा रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा स्थावर मालमत्ता कायदा, नव्हता. तो २०१६ चा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने दुरुस्त करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. पण तक्रार लेखी द्या, तारखेसह फोटो काढा. फोनवर बोललेलं कुठे टिकत नाही.

पावसाळा आणखी काय काय दाखवतो ते भराभर सांगते, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलंय. वीज किती वेळा जाते, आणि गेली की पाण्याचा पंप बंद पडतो का. गढूळ पाणी आलं की नळाला किती दिवस धार नसते. मुलांची बस कुठल्या वळणावर अडकते. रात्री अकराला दिवे गेले तर कुठला शेजारी दार वाजवतो. आणि वाळवंटी नदीबद्दल मी तुम्हा साखळीकरांना काय सांगणार! फोंड्याचा फ्लॅट विकून आम्ही २०१८ ला इथं आलो, आणि या वेळी शहाणपणाने आधी भाड्याने राहिलो, बाजाराजवळ. आता नदीला भिंत आहे, पंपिंग स्टेशन आहे. तरीही एका रात्री पावसाचा जोर धरला तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं टॉर्च घेऊन पाणी कुठवर आलं ते बघायला बाहेर पडली. दुकानदार खालच्या फळीवरचं सामान वरच्या फळीवर चढवत होते, न बोलता, सवयीने. पाणी पायरीखालीच थांबलं. गल्लीतली माणसं आम्हाला फार आवडली होती, पण घर आम्ही वरच्या बाजूला घेतलं. ते घेऊन सहा पावसाळे झाले, पेटी व्यवस्थित वाजते.

बरं, आकडे. पाच मिनिटं आहेत.

समजा फ्लॅट ६५ लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक जास्तीत जास्त किमतीच्या ८० टक्के देऊ शकते. तुम्ही ५० लाख घेतलेत, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता ४३,३९१ रुपये. वीस वर्षांत भराल १ कोटी ४ लाखांहून अधिक. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याज, मुद्दल फिटतं आठ हजारांहूनही कमी. वरचे १५ लाख तुमचे, शिवाय मुद्रांक आणि नोंदणी. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ लाखांवर सव्वातीन लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. मोजमाप कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत विचारा, जिने-लॉबीचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपचा आकडा ऐकून घ्या आणि सोडून द्या.

तोच फ्लॅट भाड्याने समजा १८,००० ला मिळतो. वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे किमतीच्या साधारण सव्वातीन टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचं. मधली तफावत किंमत वाढून भरून निघेल ही आशा असते, खात्री नसते. म्हणून माझं मत असं, की सात-आठ वर्षं तिथून हलणार नाही हे नक्की नसेल तर भाडं बरं. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून वर जाऊ देऊ नका. कर वाचतो म्हणून घर घेऊ नका. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत आहे, नव्यात नाही. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, याचा फायदा घ्या. दरवर्षी एक हप्ता जादा भरलात तर वीस वर्षांचं हे कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं.

आता पावसाळ्याच्या भाड्याचा खर्च. 'भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे' असं आमचे एक काका म्हणायचे. करार अकरा महिन्यांचा, भाडं १५,००० धरलं तर १ लाख ६५ हजार. मघाच्या कर्जाचं पहिल्या पाच महिन्यांचं नुसतं व्याज याहून जास्त आहे. आणि आमचे पत्र्यांचे एक लाख चाळीस हजार तुम्हाला आठवत असतीलच.

घंटा झाली, थांबते. एवढंच सांगते की माझ्या पुतण्याने डिचोलीत एक फ्लॅट पसंत केलाय. त्याच इमारतीत, त्याच बाजूची खोली त्याने भाड्याने घेतली आहे. एक जूनला दोघं राहायला जातायत, विकत घ्यायचं की नाही ते चवथीनंतर ठरवणार आहेत. परवा सूनबाईंचा फोन आला, 'काकी, सामान थोडंच नेणार आहोत, काय काय नेऊ?' मी त्यांच्याबरोबर बाबांची पेटी पाठवते आहे. पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवायची आणि रोज सकाळी पंचम दाबून बघायचा.