गोधडी पालथी घालून बघा

(मालवणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी ही गोधडी मी टेबलावर पालथी घातली, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघी उठून पुढं आल्या. बाकीचे सुलटी बाजू कधी दाखवते म्हणून माना उंचावत होते. शिवणाऱ्या कोण आणि नुसते पांघरणारे कोण, ते मला तिथंच कळलं.

वरच्या बाजूला शोभा असते. शंकरपाळे, चौकटी, काठांच्या पट्ट्या. खालच्या सपाट लुगड्यावर नुसता धावदोरा दिसतो, पण सगळा हिशेब तिथंच असतो. दोरा कुठल्या कोपऱ्यातून निघाला, दोन ओळींत किती बोटं सोडली, कुठं वळला, कुठं संपला.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वेंगुर्ल्याच्या एका घरी मी एक गोधडी पाहिली आणि तिचा फोटो काढला. घरी येऊन आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून आखले, कापडं कापली आणि ऐटीत मधोमध पहिला टाका घातला. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात आतलं कापड वीतभर बाहेर आलेलं, दुसरा कोपरा पोकळ. शेजारची काकी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. म्हणाली, "फोटो काढून काय गावतला गो? आधी पालथी घालूक व्हयी होती. दोरो कडेसून येता, मधल्यासून नाय." मग तिनं दुपारभर बसून माझे टाके उसवले. शिवायला तिनं मला शिकवलं नाही, उसवायला शिकवलं. आणि उसवता उसवता दोऱ्याची वाट आपोआप हाताला कळली.

नवी नक्षी सापडते कुठं, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: गडग्यावर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणावर. वैशाखात, पाऊस तोंडावर आला की घरातली सगळी पांघरुणं धुऊन गडग्यावर, काट्याकुट्यांच्या वईवर वाळत पडतात. पाणंदीनं पाण्याला जाणारी बाई चालता चालता सगळ्या वाडीच्या गोधड्या बघून घेते. एखादी मनात भरली की संध्याकाळी विरजणाचं निमित्त काढून त्या घरी जायचं. विरजण आमच्या घरीही असायचं, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. घरधनीणही समजून असते. पान पुढं करते आणि गोधडीचा कोपरा सहज उलटून ठेवते. मापं वितीत आणि बोटांत घेतली जातात. हात लहान असला की नक्षी बारीक होते, म्हणून नक्कल कधी हुबेहूब उतरत नाही. मला तर त्यातच मजा वाटते.

दुसरी वाट लग्नाची. मुलगी खाडीपलीकडं जाते, तिच्याबरोबर हाताची सवय जाते. आमच्या वाडीत एक तिरक्या पट्ट्यांची नक्षी आहे, तिला 'देवगडकरणीची' म्हणतात. मी हौसेनं तिच्या माहेरी जाऊन विचारलं, तर तिथं त्या नक्षीला नावच नव्हतं. सगळ्यांनाच येणाऱ्या गोष्टीला नाव कोण ठेवणार?

अमेरिकेत याच्या उलट झालं. तिथल्या 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्रानं 1928 पासून 1961 पर्यंत गोधडीच्या आकृत्या छापल्या. वाचक बायकाही आपापल्या आकृत्या पाठवत, आणि एकच आकृती दोन-तीन नावांनी छापून येई. छापलेल्या मापानं चौकोन आधी स्वतंत्र करायचे, मग जोडायचे. तिथं कागदावर नक्षी नेता येते, कारण वरचा थर आधी तयार होतो आणि दोरा मागाहून येतो. आपल्याकडं थर, ठिगळं आणि दोरा एकदमच चालतात. खाली कर्नाटकात, उत्तर कन्नडातल्या सिद्दी या मूळच्या आफ्रिकी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही, अशीच कडेकडेनं आत सरकत जाते. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घातलेली 'फुलं' लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात.

कापडानंही नक्षी बदलते. चाकरमानी गिरणीतले तुकडे आणायचे तेव्हा एकाच छापाची खूप ठिगळं असत, म्हणून आमच्या घरी चौकटी नेटक्या निघत. 1982 च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर ते तुकडे आटले. मग पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या निसटतात, सुईला दाद देत नाहीत आणि अंगाला उबही देत नाहीत. माझं त्यांच्याशी कधी जमलं नाही.

आता मोबाईल. गेल्या महिन्यात मुंबईच्या पुतणसुनेनं काकीला आपल्या पहिल्या गोधडीचा फोटो पाठवला. छान उजेडात काढलेला, रंग असे की बघत राहावं. काकीनं मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. टाइप करणं तिला जमत नाही, म्हणून आवाजात निरोप धाडला: "बरी दिसता. आता पाठ दाखय गो."